खेळ त्यांचा, खुर्ची यांची

२१ डिसेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीत भारतीय कुस्ती महासंघाची निवडणूक झाली. अध्यक्षपदासाठी एकूण ४७ मते पडली. त्यांपैकी ४० संजय सिंह यांना मिळाली आणि ७ अनिता श्योराण यांना. अनिता श्योराण स्वतः मल्ल. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलेले. संजय सिंह हे आधीचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांचे निकटवर्ती म्हणून ओळखले जाणारे. त्याच दिवशी साक्षी मलिकने पत्रकारांसमोर आपले कुस्तीचे बूट टेबलावर काढून ठेवले आणि डोळे पुसत खेळाला रामराम केला.

दुसऱ्या दिवशी त्या बुटांची छायाचित्रे सगळीकडे झळकली. माझ्या डोक्यातून मात्र तो ४७ चा आकडा आजवर गेलेला नाही. कारण त्या ४७ मतांत साक्षीचे मत नव्हते. २०१६ मध्ये रिओला ब्राँझ जिंकून ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला मल्ल ठरलेली ही मुलगी, पण तिच्या खेळाचा कारभार कोणी पाहावा हे ठरवताना तिला कोणी विचारले नाही. विनेश फोगटला नाही, बजरंग पुनियालाही नाही. मतदार होते राज्य संघटनांनी पाठवलेले प्रतिनिधी. कुस्ती मल्लांची, घाम मल्लांचा, मोडलेले कान मल्लांचे. मतदार यादी मात्र दुसऱ्यांचीच.

खेळाडू आणि संघटक यांच्यातल्या भांडणांकडे आपण नेहमी माणसांचे भांडण म्हणून पाहतो. अमका अध्यक्ष वाईट, तमका खेळाडू उद्धट, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. पण ही भांडणे वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या माणसांत होऊनही इतकी सारखी कशी, हा प्रश्न मला छळतो. आणि त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावात कमी, व्यवहाराच्या मांडणीत अधिक आहे, असे माझे मत झाले आहे. खेळाडूला संघटकाच्या सहीवाचून पुढे जाता येत नाही. संघटकाचे मात्र खेळाडूच्या मतावाचून काही अडत नाही. सगळे दुखणे या एका गोष्टीत आहे.

'हौशी' या शब्दाची गोष्ट

आपल्याकडे पुष्कळ संघटनांच्या नावात 'अमॅच्युअर' हा शब्द असतो. मराठीत आपण त्याला 'हौशी' म्हणतो. शब्द मोठा गोड आहे. पैशासाठी नव्हे, आवडीसाठी खेळणारा तो हौशी. पण या शब्दाचा जन्म काही फार गोड नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुखवस्तू मंडळींनी तो खेळाच्या दारावर पाटीसारखा लावला. १८७९ मध्ये हेन्लीच्या प्रसिद्ध नौकास्पर्धेसाठी हौशी खेळाडूची व्याख्या केली गेली, तीत कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळले होते. हाताने काम करून पोट भरणारा माणूस हौशी कसा असेल, असा तो युक्तिवाद! म्हणजे ज्याच्या घरी खायला भरपूर, त्यालाच हौस करण्याचा अधिकार.

या नियमाचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे अमेरिकेचा जिम थॉर्प. मूळ अमेरिकन आदिवासी कुळातला हा जवान. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. पुढे बातमी फुटली की, त्याआधी काही उन्हाळ्यांत तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. झाले! १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेतली गेली. हरकत घ्यायची तर स्पर्धेनंतर ३० दिवसांत घ्यावी, असा तेव्हाचा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे खेळाडूने मोडलेला नियम मोजून वसूल केला गेला आणि पदाधिकाऱ्यांनी मोडलेल्या नियमाकडे कोणी पाहिले नाही. थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदके त्याच्या नावावर परत आली १९८२ मध्ये, आणि तीही दुसऱ्या विजेत्याबरोबर विभागून. एकटा तोच विजेता, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केले ते २०२२ मध्ये. तब्बल ११० वर्षांनी.

त्याच अमेरिकेत १९७० च्या दशकात स्टीव्ह प्रीफाँटेन हा लांब पल्ल्याचा धावपटू हौशी खेळांच्या संघटनेविरुद्ध उभा राहिला. त्याचे म्हणणे साधे होते. स्पर्धेच्या तिकिटांचे पैसे संघटनेने घ्यायचे, पदाधिकाऱ्यांनी मानाने हिंडायचे आणि धावणाऱ्याने मात्र हौशी म्हणून अर्धपोटी राहायचे, हा कुठला न्याय? १९७५ च्या मे महिन्यात त्याने संघटनेला न जुमानता फिनलंडचे धावपटू बोलावून स्पर्धा भरवल्या आणि शेवटच्या स्पर्धेनंतर त्याच रात्री मोटार अपघातात तो गेला. वय अवघे २४. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेने कायदा करून हौशी खेळांवरची त्या संघटनेची मक्तेदारी मोडली आणि खेळांच्या नियामक मंडळांत किमान २० टक्के जागा खेळाडूंना दिल्या.

म्हणजे सारे सुरळीत झाले का? तसेही नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण करीत राहिला. तक्रारी होऊनही संघटनेने त्या दाबून ठेवल्या. २०१८ च्या जानेवारीत त्याला शिक्षा होताना दीडशेहून अधिक स्त्रियांनी न्यायालयात उभे राहून आपली कहाणी सांगितली. त्यानंतर २०२० मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि खेळाडूंचा वाटा एक तृतीयांशावर गेला. बोध असा की, एकदा दिलेले मत पुरत नाही, ते वाढवत न्यावे लागते.

गोळेश्वरचा मल्ल

आता आपल्या घरी येऊ. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव आपल्याला ठाऊक आहेत ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या ब्राँझपदकामुळे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे यायला १९९६ साल उजाडावे लागले, लिअँडर पेसच्या रूपाने. पण पदकाच्या आधी काय झाले, ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आलेला हा मल्ल हेलसिंकीला जाणार की नाही, हेच आधी ठरत नव्हते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, वशिल्याने दुसऱ्याला पुढे केले, अशी खाशाबांची तक्रार होती. दाद मागायची कोणाकडे? तक्रार ज्यांच्याविरुद्ध, तेच निकाल देणार. म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे धाव घेतली. त्यांनी मध्यस्थी केली, पुन्हा चाचणी झाली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. मग प्रश्न आला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीतला प्रसंग तर आणखी बोलका. एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही पदाधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. दमलेले खाशाबा हरले. परत आले तेव्हा कराडकरांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. गावाने केले ते सारे केले. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला तो १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यानंतर कित्येक वर्षांनी, मरणोत्तर. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे होतात, हार घातले जातात. पण 'त्यांना महाराजांकडे का जावे लागले?' हा प्रश्न त्या भाषणांत क्वचितच ऐकू येतो.

महाराजांच्या जागी आता न्यायालय आले आहे. बाकी फारसे बदललेले नाही.

खेळाडूचे घड्याळ

या साऱ्या वादांत खेळाडूचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे मला कोणी विचारले तर मी कुठल्या अध्यक्षाचे नाव घेणार नाही. मी घड्याळाचे नाव घेईन. पदाधिकाऱ्याला घाई नसते. प्रकरण दोन वर्षे चालले तरी त्याचे काही बिघडत नाही. खेळाडूची मात्र उमेदीची आठ-दहा वर्षे असतात आणि त्यांत ऑलिंपिक येऊन येऊन दोन-तीनदा येते.

केरळच्या पी. यू. चित्राचे उदाहरण घ्या. २०१७ च्या जुलैमध्ये भुवनेश्वरला झालेल्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत तिने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तरी लंडनच्या जागतिक स्पर्धेच्या संघात तिचे नाव नव्हते. ती केरळ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तिला संघात घ्या असे सांगितले. पण तोवर नावे पाठवण्याची मुदत संपली होती आणि जागतिक संघटनेने नकार दिला. निकाल तिच्या बाजूने लागला, शर्यत मात्र तिच्यावाचून झाली. अशा विजयाचे करायचे काय?

आपल्या नरसिंग यादवची कथा आणखी गुंतागुंतीची. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. २०१५ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने ७४ किलो गटात देशासाठी रिओचे स्थान मिळवले. दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार म्हणाला, आमची चाचणी कुस्ती घ्या. महासंघ म्हणाला, गरज नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ च्या जूनमध्ये सुशीलची याचिका फेटाळली गेली. लगेच नरसिंगच्या उत्तेजक चाचणीत दोष निघाला. कोणीतरी अन्नात काही मिसळले असे त्याचे म्हणणे. देशातल्या यंत्रणेने त्याला सोडले, पण जागतिक यंत्रणेने अपील केले आणि रिओत त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कोण खरे, कोण खोटे, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. पण चाचणी घ्यायची की नाही याचा नियम वर्षभर आधी लिहून ठेवलेला असता, तर सहा महिने दोन मल्ल आखाड्याऐवजी वकिलांच्या कचेरीत बसले नसते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

आणि येथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. २०२३ च्या जुलैत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी विनेश आणि बजरंग यांना निवड चाचणीतून सूट देण्यात आली. तेव्हा महासंघाचा कारभार हंगामी समितीकडे होता. ही सूट अन्यायाची आहे असे म्हणत अंतिम पंघाल आणि सुजीत कलकल हे तरुण मल्ल न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. पुढे दुखापतीमुळे विनेशने माघार घेतली, अंतिमला जागा मिळाली आणि तिने ब्राँझ आणले. महिनोन् महिने रस्त्यावर बसलेल्यांना सरावाला वेळ मिळाला नव्हता, हे खरे. पण ज्या मनमानी निवडीविरुद्ध सगळे बोलत होते, तिचा लाभ आंदोलकांनाही मिळाला आणि तिचा चटका एका अठरा वर्षांच्या मुलीला बसला, हेही खरे. अधिकार बेलगाम असला की तो कोणाच्याही हातात गेला तरी कोणाला तरी भाजतोच.

एका सहीची किंमत

काही वर्षे मी जिल्हा पातळीवरच्या शालेय आणि संघटनांच्या स्पर्धा पाहत हिंडलो. तेथे जे दिसले ते दिल्लीच्या बातम्यांत दिसत नाही. एका तालुक्याच्या गावी निवडीची यादी लागली. धावण्यात पहिली आलेली मुलगी यादीत नव्हती. मी तिच्या आईला विचारले, लेखी तक्रार करणार का? ती माउली म्हणाली, "नको भाऊ. तुम्ही पेपरात पण काही लिहू नका. पुढच्या वर्षी पण हेच साहेब असणार. पोरीच्या सर्टिफिकेटवर सही कोण करील?"

ही 'सही' समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या, गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरात एखादे पोर मैदानावर चमकले, की त्या प्रमाणपत्रावर सगळ्या घराचे भवितव्य टांगलेले असते. ते प्रमाणपत्र देते संघटना. म्हणजे जो पदाधिकारी स्वतःला मानद, बिनपगारी म्हणवतो, त्याच्या हातात पोलीस भरतीपासून तलाठ्याच्या नोकरीपर्यंतची किल्ली आहे. खोटी क्रीडा प्रमाणपत्रे पकडली गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात, त्या उगीच नव्हेत. जेथे सहीला किंमत, तेथे सहीचा बाजार.

म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये जंतरमंतरवर मल्ल बसले, तेव्हा 'इतकी वर्षे गप्प का होत्या?' असे विचारणाऱ्यांचे मला नवल वाटले. त्या मुलींची निवड, शिबिर, परदेशदौरा, नोकरी, सारे एका कचेरीतून चालत होते. गप्प बसणे हा तेथे भित्रेपणा नव्हता, तो हिशेब होता. जिल्ह्यातल्या त्या आईने केलेला तोच हिशेब.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना आठवत असेल. सरकारने मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१३ च्या कायद्याप्रमाणे रीतसर नेमलेली अंतर्गत तक्रार समितीच महासंघात नव्हती, हा तिच्या पाहणीतला ठळक मुद्दा. एप्रिलमध्ये मल्ल पुन्हा रस्त्यावर आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २८ एप्रिल रोजी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, मल्लांना रस्त्यावरून उचलून नेले गेले. दोन दिवसांनी ते पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेले आणि शेतकरी नेत्यांनी समजूत घातल्यावर परतले. ब्रिजभूषण यांनी सर्व आरोप पहिल्यापासून नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीचे प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्वीकारला. इतर मल्लांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण तक्रार ऐकायला घरात जागा नव्हती म्हणून ती रस्त्यावर आली, एवढे ठरवायला न्यायालयाची गरज नाही.

भांडण त्यांचे, शिक्षा यांना

पदाधिकारी आपसांत भांडले तरी दंड भरतो खेळाडूच. ऑगस्ट २०२२ मध्ये 'फिफा'ने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. कारण कारभाराच्या वादाचे. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचला होता. त्या मुलींना मैदानात न उतरताच परतावे लागले. दहा-बारा दिवसांत निलंबन उठले, पण स्पर्धा गेली ती गेलीच. डिसेंबर २०१२ पासून फेब्रुवारी २०१४ पर्यंत भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, तेव्हा सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपले खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक वेळेत न घेतल्याबद्दल जागतिक कुस्ती संघटनेने आपला महासंघ निलंबित केला आणि पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तटस्थ म्हणून लढले. अंतिम पंघालने तेथे ब्राँझ आणि पॅरिसचे स्थान मिळवले, तेही असे परके होऊन.

आपल्या दारातही तेच. कुस्ती संघटनांच्या भांडणापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाल्या. एक धाराशिवला, दुसरी पुण्याजवळ फुलगावला. एका महिन्यात दोन केसरी! ज्या गदेसाठी पोरे बारा-बारा वर्षे लाल मातीत अंग घासतात, ती गदा कोणती खरी, असा प्रश्न पडावा? पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून शिवराज राक्षेने पंचांवर हात टाकला, लाथ मारली. त्याच्यावर आणि महेंद्र गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणे अक्षम्यच. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा भरवशाचा मार्ग मल्लाला दिसत नाही, तेव्हा रागाला वाट कशी फुटते, तेही त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

दुसरी बाजू

हे सारे वाचून, संघटक म्हणजे खलनायक असा कोणी अर्थ काढील तर ते चुकीचे होईल. खिशातले पैसे घालून मैदान आखणारे, एसटीने पोरांना घेऊन जाणारे, स्वतःच्या घरी भाकऱ्या करून संघ जेवू घालणारे संघटक मी पाहिले आहेत. कबड्डी आणि खो-खो हे खेळ महाराष्ट्रात जगले ते अशा माणसांमुळेच. निवडीचा अधिकार कोणाकडे तरी असावाच लागतो. प्रत्येक वगळलेला खेळाडू न्यायालयात जाऊ लागला तर संघ कधीच विमानात बसणार नाही. आणि खेळाडूही देवमाणसे नसतात. राजकीय ओळखी त्यांनाही वापरता येतात.

पण निःस्वार्थी सेवा आणि कायमची खुर्ची या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हौशी कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाचेच पाहा. जनार्दनसिंह गेहलोत १९८४ पासून जवळजवळ तीन दशके अध्यक्ष राहिले. त्यानंतर अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे गेले आणि ते स्वतः आजीव अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही व्यवस्था बेकायदा ठरवून प्रशासक नेमला. खेळाडू हौशी असतो दहा वर्षे. खुर्चीची हौस मात्र फिटता फिटत नाही!

नवा कायदा आणि आपण

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवणारे राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, निवडणुकांवर देखरेखीसाठी तज्ज्ञांची यादी, खेळाडूंची समिती आणि सुरक्षित खेळाचे धोरण, या त्यातल्या मुख्य गोष्टी. कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. पाऊल योग्य दिशेने आहे, यात शंका नाही.

पण माझ्या मनात तीन प्रश्न आहेत. २०११ च्या क्रीडा संहितेत मतदानाचा हक्क असलेल्या नामवंत खेळाडूंचा वाटा २५ टक्के असावा असे म्हटले होते आणि तेही बहुतेक संघटनांनी कानाआड केले. मग पंधरांत दोन खेळाडूंचा आवाज कितीसा ऐकला जाणार? दुसरे, न्यायाधिकरण निवडीच्या वादावर किती दिवसांत निकाल देणार? चित्राचे प्रकरण सांगते की, येथे उशिरा मिळालेला न्याय म्हणजे न मिळालेला न्याय, हे अगदी शब्दशः खरे आहे. स्पर्धेची नावे पाठवण्याच्या तारखेआधी निकाल, हा नियम दगडावरच्या रेघेसारखा हवा. आणि तिसरे, दिल्लीतला कायदा तालुक्याच्या मैदानापर्यंत कधी पोचणार? ती सही न करणारा साहेब कोणत्या मंडळाच्या कक्षेत येतो?

तोवर आपल्या हातात काहीच नाही का? आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले मूल सकाळी मैदानावर जाते. आपण त्याला बूट घेऊन देतो, दूध-अंडी देतो, स्पर्धेला स्टँडवर सोडायला जातो. त्याच्या संघटनेला चार प्रश्न मात्र विचारत नाही. निवडीचे निकष लिहून फलकावर लावले आहेत का? निवड चाचणी पालकांसमोर, उघड्यावर होते का? मुलींची तक्रार ऐकायला समिती आहे का, आणि तिच्यात बाहेरची बाई आहे का? संघटनेची निवडणूक शेवटची कधी झाली आणि तीत माजी खेळाडूंना मत होते का? एकट्या आईने हे विचारले तर तिच्या पोरीचे वर्ष जाईल, ही भीती खरी आहे. तीस आयांनी एकत्र विचारले तर कोणा-कोणाच्या सह्या अडवणार?

एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू समितीचे अध्यक्षपद नरसिंग यादवकडे आले. ज्याची स्वतःची कारकीर्द निवडीच्या आणि चाचणीच्या वादात होरपळली, तो आता खेळाडूंचे गाऱ्हाणे मांडायला बसला आहे, हे चांगलेच झाले. पण गाऱ्हाणे मांडणे आणि मत देणे यांत फरक आहे. अर्जदाराला खुर्ची द्या, पाणी द्या, नम्रपणे ऐकून घ्या. तरी तो अर्जदारच राहतो. पुढच्या वेळी कुस्तीची मते मोजली जातील, तेव्हा त्या मोजणीत किती मते मॅटवर लढलेल्यांची आहेत, एवढेच मी पाहणार आहे. नवा कायदा कामाला आला की नाही, हे त्याच आकड्यावरून कळेल.